आमचं लग्न लग्नासारखं दिसत नाही म्हणे

धरमपेठेतल्या त्या गारेगार ऑफिसात व्हिसावाल्या सरांनी माझ्या लग्नाचा अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, शेवटापासून पुन्हा पहिल्या पानावर आले आणि मला विचारलं, "मॅडम, हे तर साखरपुड्याचे झाले. लग्नाचे फोटो कुठं हायेत?"

"हेच लग्नाचे," मी म्हटलं.

त्यांनी परत एक पान उघडलं. त्यात मी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, दोघांच्या गळ्यात शेवंतीचे हार. समोर बुद्धाची मूर्ती, पेटलेल्या मेणबत्त्या, आणि आमच्याकडून एकेक प्रतिज्ञा म्हणवून घेणारे बौद्धाचार्य. मागे मंडपभर माणसं, हातात फुलांच्या पाकळ्या घेऊन उभी. लग्न नाही तर काय शाळेचं गॅदरिंग होतं ते?

"नाही, तुमचं बरोबर हाये," सर म्हणाले, "पण ह्याच्यात लग्नासारखं काही दिसूनच नाही राहिलं न. होम नाही, फेरे नाही, मंगळसूत्र नाही. साडी पण पांढरी. ऑफिसरले पटलं पाहिजे न मॅडम, की शादी हुई है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस लंडनचा असता तर मी समजू शकले असते. हा नागपूरचा. ज्या गावात माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या गावचा. त्याच्या ऑफिसातून दीक्षाभूमीला ऑटोने जायला दहा मिनिटंही लागत नाहीत. दर वर्षी तिथली गर्दी झाली की रस्ते वळवले म्हणून हाच माणूस कुरकुरत असणार. उन्हाळाभर या गावात पांढऱ्या साडीतल्या नवरींच्या वराती निघतात, आणि याला वाटतं लग्न म्हणजे फक्त होमाचा धूर. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पण मला त्याची गरज होती, म्हणून मी गिळून बसले. ती गरज कशी आली तेही सांगते, कारण राग तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेत मी आधी गेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या नात्यागोत्यात ते कोणाच्या लक्षात राहत नाही. स्कॉलरशिपवर शिकायला गेले, नोकरी लागली, आणि त्या नोकरीच्या जोरावर माझा स्वतःचा एच-वन व्हिसा झाला. हॉस्पिटलातल्या मशीनमध्ये जे सॉफ्टवेअर चालतं, ते नीट चालतं की नाही हे तपासायचं माझं काम. पेशंटला औषध जास्त जाऊ नये, कमी जाऊ नये, यासाठी मी दिवसभर त्या मशीनला उलटसुलट प्रश्न विचारायची. नवरा कामठीचा, माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात एका भाड्याच्या हॉलमध्ये आमची ओळख झाली. तीन आठवड्यांची रजा काढून आम्ही नागपूरला आलो, लग्न केलं आणि परत गेलो. दोघांचे व्हिसा आपापले. त्यामुळे आपलं लग्न झालंय हे कुठल्याही सरकारला पटवून द्यायची वेळ आमच्यावर आलीच नाही.

मग एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग लागली. मीटिंग संपायच्या आत माझा लॅपटॉप बंद पडला. बंद पडला म्हणजे बिघडला नाही, त्यांनी कुलूप लावलं. सात वर्षांच्या कामाची एक फाईलसुद्धा मला डोळे भरून पाहता आली नाही. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला मी निरोपाचा शब्दही बोलले नाही. ती अजूनही मला कधीतरी फुलांचे फोटो पाठवते.

नोकरी गेली की त्या देशात तुमच्या हाती साठ दिवस असतात. साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधा, जी तुमचे कागद करेल. नाहीतर बॅगा भरा. मी बेचाळीस दिवस शोधली. मुलाखती झाल्या, स्तुती झाली, आणि कागदाचा विषय निघाला की समोरचा आवाज मऊ व्हायचा. त्रेचाळिसाव्या दिवशी वकील म्हणाली, "तू नशीबवान आहेस, तुझं लग्न झालंय." मी नवऱ्याची डिपेंडंट म्हणून राहू शकत होते. एच-फोर नावाचा व्हिसा. त्या व्हिसावर राहता येतं, शिकता येतं, गाडी चालवता येते, भाजी-पोळी तर करताच येते. कमावता मात्र येत नाही. आमच्या बाबतीत तरी आणखी काही वर्षं नाही.

तो अर्ज दोन तऱ्हेने करता येत होता. तिथेच राहून करायचा तर निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि निकाल कधी येईल याचा नेम नाही. किंवा भारतात यायचं, मुंबईला मुलाखत द्यायची आणि शिक्का घेऊन परत जायचं. त्याच महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. बाबा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना गेले, आणि आईला माझ्याशिवाय कोणी नाही. मी दुसरा मार्ग धरला. विमान उडालं तेव्हा एवढंच पक्कं होतं की शिक्का मिळाला तर मी माझ्या घरी परत जाणार, नाही मिळाला तर नाही. माझं घर, माझा माणूस, माझी तिथली सात वर्षं, सगळं त्या एका शिक्क्यावर.

नागपुरात उतरले तर मावशी म्हणाली, "बरं झालं बाई, जावयानं सांभाळून घेतलं." जणू मी त्याच्या दारात पदर पसरून उभी होते! ज्याला तिथे पहिल्यांदा बँकेत खातं उघडून दिलं, भाड्याचं घर पाहून दिलं, बर्फात गाडी कशी चालवायची ते शिकवलं, तो आता कागदोपत्री "मुख्य अर्जदार" आणि मी त्याच्या मागे लटकलेली. त्यानेच एकदा फोनवर गमतीने मला "माझ्या डिपेंडंट" म्हटलं. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. गंमत कळते मला, पण प्रत्येक गमतीची एक वेळ असते.

तर असं सगळं होऊन मी त्या ऑफिसात बसले होते. मॅरेज सर्टिफिकेट होतं, मनपाच्या झोन ऑफिसचं, शिक्क्यासकट. मी ते पुढे सरकवलं.

"सर्टिफिकेट तर कोनीही काढून घेते मॅडम," सर म्हणाले. "आणि तुमची केस थोडी नाजूक हाये. नोकरी गेली आणि लगेच तुम्हाले नवरा आठवला, असं वाटू शकते न त्यांना."

"दोन वर्षांपासून एका घरात राहतो आम्ही."

"ते ठीक हाये. पण फोटो स्ट्राँग पाहिजेत." मग त्यांनी उपाय सांगितला. सदरमध्ये त्यांच्या ओळखीचा स्टुडिओ होता. तिथे जायचं, लाल शालू नेसायचा, मंगळसूत्र, हिरवा चुडा, कपाळाला मळवट. मागे मंडपाचा पडदा तयारच असतो.

"आणि नवरा?" मी विचारलं. "तो तर तिकडे आहे."

"त्याचं टेन्शन घेऊ नका. सुटातला एखादा फोटो मागवून घ्या. कॉम्प्युटरवर तुमच्या बाजूला बसवून देऊ. फेरेही होतात."

"अहो, हा खोटेपणा आहे."

सरांना मनापासून वाईट वाटलं. "खोटं कुठं हाये मॅडम? लग्न तर झालंच हाये न तुमचं? आपण फक्त ते दिसेल असं करून राहिलो."

मी अल्बम मिटून पिशवीत टाकला. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी मला न विचारता "हाउसवाइफ" टाकलं होतं. जाता जाता त्यांनी एका मुलीची गोष्टही सांगितली. तिचा अर्ज नाकारला गेला आणि ती अजून माहेरीच बसलेली आहे म्हणे. खरी की बनवलेली, कोण जाणे. पण घरी पोचेपर्यंत ती मुलगी माझ्या डोक्यातून हलली नाही.

इंदोऱ्याला घरी आले तेव्हा आई काळा चष्मा लावून कूलरसमोर बसली होती. माझी आई महानगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती. शिक्षकांच्या खोलीत दर संक्रांतीला तिला कोणी ना कोणी विचारायचं, "तुम्ही कुंकू काहून नाही लावत?" आणि दर वर्षी ती न चिडता तेच उत्तर द्यायची. मला वाटलं, माझ्यापेक्षा तीच जास्त भडकेल. मी सगळं सांगितलं, सरांची नक्कल करून सांगितलं.

तिने कूलर बंद केला. "नाई काढले फोटो त काय होईन?"

"कदाचित काही नाही. कदाचित व्हिसा नाकारतील."

"मंग?"

"मग मी इथे आणि तो तिथे."

तिने काळा चष्मा नीट केला. मग म्हणाली, "मंग काढून घे न वं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून भाजी घेऊन आले तर आई घरात नव्हती. ऑपरेशनला चार दिवस झाले होते. डॉक्टरांनी धूळ, ऊन, गर्दी सगळं बंद सांगितलं होतं. ही बाई त्या मे महिन्याच्या उन्हात काळा चष्मा लावून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, शेअर ऑटोने गांधीबागेत गेली आणि लाल साडी घेऊन आली. सोबत काळ्या मण्यांची एक पोत. पलंगावर ठेवलं आणि पाणी प्यायला बसली.

मी ओरडले. आईवर आवाज चढवायचा नसतो हे मला कळतं, पण मी ओरडले. नोकरी गेली, नावापुढचं काम गेलं, फॉर्मवर मी नवऱ्याच्या खाली गेले, ते सगळं मी सहन केलं. आता लग्नही त्यांच्या मनासारखं करू? उद्या म्हणतील आईबाप बदला, तेही बदलू? तीस वर्षं शाळेत काय उत्तरं देत होतीस मग तू?

तिने मला बोलू दिलं. गिलास खाली ठेवला आणि म्हणाली, "मी लावलं हाये कुंकू."

"काय?"

"दीड वर्ष. तुह्या जन्माच्या आधी."

आणि तिने जे सांगितलं ते मी चौतीस वर्षांची होईपर्यंत मला माहीत नव्हतं. नवीन नोकरी लागली तेव्हा शाळा घरापासून लांब होती. बाबांनी आणि तिने शाळेजवळ खोली शोधायला घेतली. घरमालक आधी आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची, नाहीतर पुतण्या राहायला येणार असायचा. चार ठिकाणी असं झालं. पाचव्या ठिकाणी आई कपाळभर कुंकू लावून, गळ्यात काळी पोत घालून गेली आणि दुसरंच आडनाव सांगितलं. खोली मिळाली. मालकीण चांगली होती म्हणे, लोणचं द्यायची.

"एक दिवस तुहे आजोबा भेटाले आले," आई म्हणाली. "त्यायनं शाळेत निरोप ठेवला होता. मी त्यायले घरी नाई येऊ देल्लं. कोपऱ्यावरच गाठलं, चहाच्या टपरीवर नेलं. ते दारात येते त आवाज देते, आपल्या लोकायचा नमस्कार करते, मालकिनीले समजते. मी घाईत कुंकू पुसाले विसरली. त्यायनं पाह्यलं. चहा पेले, मले पाच संत्री देल्ली आन चालले गेले. आमी ती खोली सोडेपर्यंत परत आले नाई ते."

मी तिच्याजवळ बसले.

"म्हनून सांगतो तुले," ती म्हणाली. "मानूस मरत नाई त्यानं. ते त नुसती खोली होती. हा तुहा संसार हाये."

तिला दोष द्यायची माझी हिंमतच उरली नाही. ज्या बाईने एका खोलीसाठी एवढं सोसलं, तिने मुलीच्या घरासाठी साडी आणली तर मी कोण बोलणारी? राग होता, चांगला धगधगत होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. त्या चारही घरमालकांवर? ते केव्हाच मेले असतील. मी सरांना फोन केला आणि स्टुडिओची उद्या दुपारची वेळ घेतली. मग नवऱ्याला सांगितलं, सुटातला फोटो पाठव.

तो म्हणाला, "मले त्या फोटोत नको टाकू."

"तुला तिथे बसून बोलायला काय जातंय? तू मुख्य अर्जदार आहेस."

"तुले जे कराचं ते कर. मी मागून तुले एक शब्द बोलनार नाई. पण मी तुह्यासोबत फेरे घेतले नाई, प्रतिज्ञा घेतल्या. तुहा अपमान करनार नाई, हे मी सगळ्यायसमोर म्हटलं होतं. आता हा फोटो म्हनजे अपमान नाई त काय हाये?"

मी फोन ठेवून दिला. सगळे शहाणे, आणि मी एकटीच वेडी. फोटो त्याने पाठवला नाहीच. मी त्याच्या ऑफिसच्या वेबसाइटवरून त्याचा सुटातला फोटो काढून ठेवला. हे लिहिताना मला अजून लाज वाटते, पण ठेवला.

स्टुडिओच्या आधी कोर्टात जायचं होतं. सरांच्या यादीत आईचं प्रतिज्ञापत्रही होतं: हे लग्न माझ्यासमोर झालं असं तिने शपथेवर लिहून द्यायचं. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली टायपिंगवाले बसतात, त्यातल्या एकाकडे आम्ही गेलो. माझ्या पिशवीत लाल साडी आणि पोत होती. टायपिंगवाल्याने कॉम्प्युटरवर तयार मजकूर उघडला, आमची नावं, पत्ता, लग्नाची तारीख टाकली, स्टॅम्प पेपरवर छापलं आणि आईपुढे ठेवलं. "इथं सही करा मावशी."

आईने काळा चष्मा काढला, पर्समधला वाचायचा चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. न वाचता सही करणं तिच्या हाताला जमत नाही.

"मावशी, सगळ्यायचं सेमच राह्यते," टायपिंगवाला म्हणाला. मागे पाच-सहा जण उभे होते. "हे कोनी वाचत नाई."

"मी वाचून राहिली न."

तिचं बोट चौथ्या ओळीवर थांबलं. मी वाकून पाहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या मुलीचा विवाह हिंदू वैदिक रीतीप्रमाणे, होम आणि सप्तपदी होऊन, माझ्या उपस्थितीत पार पडला. त्याच्याकडचा तयार नमुना तसाच होता. वर्षानुवर्षं या शेडखाली आमच्या किती लोकांनी तो मजकूर न वाचता, आपलं लग्न अग्नीला साक्ष ठेवून झालं म्हणून सह्या केल्या असतील, याचा हिशेब कोण करणार?

आईने पेन उघडलं. मला वाटलं सही करते. तिने त्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली, मुलांच्या वहीत चुकीच्या उत्तरावर मारायची तशी, दाबून.

"अवं मावशी! स्टॅम्प पेपर हाये तो! खराब केला न!"

"तू खराब केला," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुसरा घे. मी सांगतो तसं लिव्ह."

"आई," मी म्हटलं. मला खरंच कळत नव्हतं. "काल तर तू म्हणत होतीस..."

"काल काल होतं." ती माझ्याकडे वळली. एक डोळा अजून लाल होता. "कपाळावरचं मी संध्याकाळी धुऊन टाकत होती वं. हे सहीचं हाये. हे कसं धूऊ?"

टायपिंगवाल्याने दुसरा पेपर लावला. आई मराठीत सांगत गेली, मी इंग्रजीत करत गेले, तो टाइप करत गेला. माझ्या मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीने झालं. तिच्या अंगावर पांढरी साडी होती, ती मी घेतली होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कारण आमच्या घरात ते घालत नाहीत. दोघांनी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा घेतल्या. मी पहिल्या रांगेत होते आणि मी सगळं ऐकलं.

"झालं?" टायपिंगवाल्याने विचारलं.

"अजून एक. माझी मुलगी इंजिनिअर आहे."

"त्याची काई गरज नसते मावशी, लग्नाच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये."

"लिव्ह."

त्याने लिहिलं. नोटरीने शिक्के मारले, आईने प्रत्येक पानावर सही केली, शिक्षिका जशी निकालपत्रावर करते तशी, पूर्ण नावाची, वळणदार. बाहेर आल्यावर मी सरांना फोन करून सांगितलं की स्टुडिओ रद्द, आणि फॉर्मवरचं "हाउसवाइफ" काढा. ते म्हणाले, मॅडम तुम्ही रिस्क घेऊन राहिल्या, मंग मला बोलू नका. मी म्हटलं, नाही बोलणार. लाल साडी आईने दुसऱ्या दिवशी परत करायला नेली. दुकानदार घेईना, तेव्हा तिने ती शेजारणीच्या सुनेला देऊन टाकली. तिला लाल रंग शोभतो.

मुंबईला मुलाखतीच्या दिवशी मी पहाटेपासून रांगेत होते. फाईलमध्ये सर्टिफिकेट, नवऱ्याचे कागद, पांढऱ्या साडीतला अल्बम, आणि सगळ्यात वर आईचं प्रतिज्ञापत्र. कोणी त्या फोटोंबद्दल विचारलं तर काय बोलायचं, हे मी नागपूरपासून पाठ करत आले होते. आजोबांपासून सुरुवात करणार होते. चांगलं लांबलचक, मुद्देसूद उत्तर तयार होतं.

काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने लग्न कधी झालं विचारलं. मी सांगितलं. नवरा काय काम करतो विचारलं. सांगितलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, या व्हिसावर तुम्हाला तिथे काम करता येणार नाही, माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे. त्याने काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मंजूर. फाईलचं बक्कलसुद्धा मी उघडलं नव्हतं.

मी बाहेर रस्त्यावर आले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठेतरी खाली. पण वर नुसता संताप होता. एवढ्यासाठी? या दोन प्रश्नांसाठी मी माझं लग्न पुसायला निघाले होते? आणि काम करता येणार नाही हे तो किती सहज बोलला, पार्किंग नाही म्हणून सांगावं तसं. फूटपाथवर उभं राहून मी डोळे पुसले आणि आत फोन नेऊ देत नाहीत म्हणून ज्या दुकानात तो ठेवला होता, तिथून घेऊन आईला लावला.

"मिळाला," मी म्हटलं.

तिने तिकडे कूलर बंद केला, मला ऐकू आलं. मग म्हणाली, "माहा कागद पाह्यला त्यानं?"

मी खोटं बोलू शकले असते. तिच्या आवाजात शाळकरी पोरीसारखी उत्सुकता होती, आणि हो म्हणायला माझं काही गेलं नसतं.

"नाही आई," मी म्हटलं. "कोणीच पाहिला नाही. फाईल उघडलीच नाही."

"नाई त नाई," आई म्हणाली. "मी कुठं त्याच्यासाठी लिवला होता."